भुयारातला आप्पा

जनार्दन हेर्लेकरांना फक्त एकदा 'होय' म्हणायचं होतं. तेवढ्या एका शब्दावर त्यांच्या पदरात काय काय पडणार होतं ते बघा. सांगलीतले जे लोक त्यांना आयुष्यभर पाठीमागे 'कॉमेंट्रीमास्तर' म्हणत आले, त्यांची तोंडं बंद होणार होती. ज्या कुंभोजकरांनी त्यांच्या डोळ्यांदेखत मुख्याध्यापकाची खुर्ची पटकावली, ते आता सत्काराला काठी टेकत का होईना येणार होते आणि पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार होते. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून जे यंत्र आजारी माणसांशी बोलणार, त्याचा मराठी गुरू म्हणून हेर्लेकरांचं नाव लागणार होतं. आणि इतक्या वर्षांच्या संसारात ज्या बाईनं त्यांच्या एकाही भाषणाला 'छान झालं' म्हटलं नव्हतं, त्या कुमुदला हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघावं लागणार होतं.

जायचं काय होतं? जुन्या कॅसेटी. त्यासुद्धा हेर्लेकरांच्या नव्हत्या.

त्या बाबालाल शिकलगारच्या होत्या. बाबालाल म्हणजे सांगलीच्या फिल्म सोसायटीचा प्रोजेक्टर चालवणारा माणूस. सोसायटी कधीच बंद पडली, प्रोजेक्टर भंगारात गेला, पण बाबालालनं प्रत्येक खेळाचा आवाज टेपवर धरून ठेवला होता. का, तर त्याच्या आईला सभागृहाचा जिना चढता यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला घरी बसून सिनेमा 'ऐकवायचा'. आता कॅसेटींनी भरलेली ती पत्र्याची पेटी हेर्लेकरांच्या बैठकीत मधोमध ठेवली होती, आणि पुण्याच्या कंपनीकडून आलेली निवेदिता खोत तिच्याकडे लग्नघरातल्या दागिन्यांच्या डब्याकडे बघावं तशी बघत होती.

"पण ह्याच का बाई?" कुमुदनं चहाचे कप ठेवत विचारलं. "मराठी बोललेलं काय कमी आहे का जगात? आमच्या शेजारच्या वहिनींपुढे तुमचं यंत्र नुसतं ठेवा, वर्षभराचं भरून घेईल."

निवेदिता हसली. "काकू, माणसांनी माणसांशी बोललेलं मराठी खूप आहे. आमचं यंत्र आजार, औषधं, रिपोर्टमधले आकडे, सगळं जगभरातून शिकलंय. त्यात ते पक्कं आहे. पण यंत्राचं शिकणं म्हणजे काय, तर आधी कुणी कसं बोलून ठेवलंय त्याच्या वळणानं जाणं. मराठीत तोंड उघडलं की त्याला पेच पडतो, की मी कोण म्हणून बोलू? डॉक्टर? नातलग? की रेडिओ? इंग्रजीत हा पेच नाही. तिकडे शंभर वर्षांचे सिनेमे आहेत, यंत्रं माणसांशी बोलतायत, माणसं उलट बोलतायत. मराठीत एक यंत्र घाबरलेल्या माणसाशी तासन्‌तास बोलतंय, असं आम्ही खूप शोधलं. सापडलं ते फक्त या पेटीत."

"एवढ्याशा पेटीत काय होतंय?"

"स्वभावाला थोडंच लागतं काकू. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं ना? दूध जगाचं, विरजण सरांचं."

"सर, तुमचं दही लागलं की ओ!" बाबालाल म्हणाला, आणि हेर्लेकरांनी मान खाली घालून हसू लपवलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लाजताना बघणं ही तशी करमणूकच असते.

ते विरजण कसं लागलं तेही सांगायला हवं. सोसायटीला सिनेमे यायचे ते परदेशी वकिलातींकडून, फुकट, पुण्या-मुंबईला फिरून दमून आलेले. खाली अक्षरं असली तरी ती भलत्याच भाषेतली. सोबत इंग्रजीत टाइप केलेली कथासाराची दोन पानं. सांगलीच्या लोकांना यातलं काय कळणार? म्हणून पडद्याच्या डाव्या बाजूला माइक लावून शाळेतले विज्ञानाचे शिक्षक हेर्लेकर उभे राहायचे आणि पडद्यावरची माणसं तोंड हलवतील तसं मराठीत बोलायचे. त्यांना ना हंगेरियन येत होतं, ना झेक, ना रशियन. कथासार पाठ केलेलं असायचं. बाकीचं तोंडाला येईल तसं.

विज्ञानाचे सिनेमे विशेष चालायचे. त्या काळच्या सिनेमांतल्या बुद्धिमान यंत्रांबद्दल बाबालालचं एक मत होतं. तो म्हणायचा, दोनच जाती, एक माणसाला मारणारी, दुसरी माणूस व्हायला तडफडणारी. आणि दोन्हींना शेवटच्या रिळात आग. पण एक सिनेमा तिसऱ्याच जातीचा आला. गाव त्याला 'भुयाराचा सिनेमा' म्हणायचं. जमिनीवर काहीतरी प्रलय झालाय, नऊ माणसं भुयारात अडकलीत, आणि तिथलं यंत्र त्यांची हवा मोजतंय. यंत्र कुणाला मारत नाही. विचारलं की फक्त सांगतं, किती हवा उरली, कुणाचं हृदय किती दिवस चालेल. माणसं विचारतात, ते सांगतं, आणि माणसं एकेक करून मोडतात. कथासारात शेवटी लिहिलं होतं, या यंत्राला असत्य ठाऊक नाही, हीच या चित्रपटाची शोकांतिका.

पहिल्या खेळाला हेर्लेकरांनी अर्धा सिनेमा इमानानं सांगितला. मग तिसऱ्या रांगेतून कुमुद उठली आणि अंधारात बाहेर गेली. लग्नाला सहा महिने झाले होते. घाबरून गेली ती, असं हेर्लेकरांनी धरून चाललं. आणि पुढच्याच प्रसंगात पडद्यावरच्या बाईनं वर बघून विचारलं, किती वेळ उरलाय? यंत्रानं आकडा सांगितला. हेर्लेकर माइकमध्ये म्हणाले, "थोडा वेळ आहे अजून, बाळ. मी आहे ना." सभागृहात हुंदके. त्या यंत्राला त्यांनी तिथल्या तिथे आप्पा हे नावही देऊन टाकलं. लोकाग्रहास्तव तो सिनेमा तीनदा दाखवावा लागला, आणि त्यानंतर कुठल्याही देशाचं कुठलंही यंत्र सांगलीत आलं की आप्पा होऊन बोलायला लागलं. आकडा आला की 'थोडा वेळ आहे', वाईट बातमी आली की 'आधी दोन घास खाऊन घे बरं'. मारेकरी यंत्रंसुद्धा मारण्याआधी विचारपूस करायची.

निवेदिताला हेर्लेकरांनी यातलं एवढंच सांगितलं, "भुयाराच्या सिनेमाला ही इतकी घाबरली, की उठून घरी गेली हो!"

"घाबरून?" कुमुद म्हणाली. "आठला नळाला पाणी यायचं. सासूबाईंनी बजावलं होतं, हंडे भरले नाहीत तर उद्यापासून सिनेमा बंद."

सगळे खो खो हसले. हेर्लेकरही हसले. पण बायकोला स्वतःचं मन आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे मानायला ते कुठले तयार? मनात म्हणाले, लपवते बिचारी.

मग निवेदितानं फोन समोर धरला. आता कागद नाही, सही नाही; कॅमेऱ्यासमोर तोंडी होकार. "सर, एक नियमातला प्रश्न. सिनेमातलं यंत्र जे बोलायचं, तेच तुम्ही मराठीत सांगत होतात ना? जसंच्या तसं?"

बाबालाल पंख्याकडे बघू लागला.

"होय," हेर्लेकर म्हणाले.

वर्षभरात आप्पा घरोघर गेला. काम साधं होतं. तुम्ही रक्त द्यायचं, फोटो काढायचे. कुठेतरी दूर बसलेला डॉक्टर ते बघून दोन ओळींचा शेरा लिहायचा. आणि तो शेरा, ते आकडे, फोनमधला आप्पा तुमच्या भाषेत तुम्हाला समजावून सांगायचा. डॉक्टरकडे वेळ नव्हता, आप्पाकडे वेळच वेळ होता. म्हातारी माणसं त्याच्यावर खूश. जतहून एका आजीनं कंपनीच्या पत्त्यावर लोणच्याची बरणी पाठवली, आप्पासाठी. हेर्लेकर बाजारात निघाले की लोक थांबवून सांगायचे, "सर, तुमच्या आप्पानं आमच्या आईला काय धीर दिला!" हे ऐकायला मिळावं म्हणून सर आता रोज बाजारात जायचे. भाजी लागो न लागो.

कुमुद म्हणायची, "आपल्याला लेकरू नाही म्हणून रडायचात. हे घ्या. झालं एकदाचं, आणि सगळं तुमच्यावर गेलंय. हरभराभर काम आणि परातभर गोड बोलणं."

गणपती होऊन गेले आणि कुमुदला जेवण जाईनासं झालं. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं. साडीची गाठ सैल बांधायला लागायची आणि आरशात चेहरा मात्र उतरलेला. केंद्रावर जाऊन ती रक्त देऊन आली. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी फोन वाजला.

"वहिनी," आप्पा म्हणाला, "रिपोर्ट आलाय बरं का. बाकी सगळं छान. एकदोन आकडे जरा वर सरकलेत, वयोमानानं व्हायचंच. दिवाळी होऊ दे, मग निवांत पोटाची सोनोग्राफी करून घेऊ. थोडा वेळ आहे अजून. आधी दोन घास खाऊन घ्या बरं."

आमटीची वाटी हेर्लेकरांच्या हातातच राहिली.

जगात दुसऱ्या कुणालाही जे कळलं नसतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. हे वाक्य त्यांचं होतं. हे वाक्य आकडा असेल तिथेच यायचं. आकडा जितका वाईट, तितकं ते मऊ यायचं. 'निवांत' तर ते फक्त शेवटच्या रिळात वापरत.

"काय झालं?" कुमुदनं विचारलं.

"कुठे काय?"

"आप्पाचं ऐकलं. पण तुम्ही एकदा रिपोर्ट वाचा ना. त्यात डॉक्टरांचं इंग्रजीत काहीतरी असतं खाली."

वाचायला काय लागत होतं? फोनवर एक बोट. विज्ञान शिकवण्यात आयुष्य घातलेला माणूस, दोन ओळी इंग्रजी. पण तिसऱ्या आठवड्यात पुण्याला मोठा समारंभ होता. मंत्री येणार होते, कंपनीचे लोक परदेशातून येणार होते, कुंभोजकरांनी येतो म्हणून निरोप पाठवला होता. समजा रिपोर्ट उघडला आणि आप्पा सांगतोय त्यापेक्षा खाली वेगळंच लिहिलेलं निघालं, तर? तर निवेदिताला फोन करावा लागणार. मग ती विचारणार, सर, जसंच्या तसं ना? मग कसली शाल आणि कसला गुरू. आणि समजा नाही उघडला, तर कदाचित खरंच काही नसेल. न उघडलेल्या गोष्टीचा दोष माणसाला लागत नाही, असा काहीतरी हिशेब त्यांनी त्या जेवणाच्या ताटावर मांडला. शिकलेल्या माणसांना असले हिशेब फार सुबक जमतात.

"आप्पानं वाचलाय की," ते म्हणाले. "जेव तू."

ती जेवली. दोन घास.

समारंभ झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, एका तरुण मंत्र्यानं वाकून नमस्कार केला. भाषणात हेर्लेकर म्हणाले, की जगातल्या सगळ्या सिनेमांनी यंत्राला राक्षस केलं, सांगलीनं त्याला घरचा माणूस केलं. टाळ्या थांबेनात. कुमुद पहिल्या रांगेत खुर्चीचा हात धरून बसली होती. पोटात कळ आली होती. परतताना म्हणाली, "आजचं भाषण छान झालं." आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांना अजिबात बरं वाटलं नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं नोंदवायला हरकत नाही.

दिवाळीनंतर सोनोग्राफी झाली आणि ती करणाऱ्या मुलीनं आप्पाला काही न विचारता सरळ कोल्हापूरच्या डॉक्टर रुकडीकरांकडे पाठवलं. या बाई वयस्कर, तुटक, आणि यंत्राचा मध्यस्थ न वापरणाऱ्या. त्यांनी जुना रिपोर्ट स्वतः उघडला, चष्मा वर केला आणि नवराबायकोकडे आळीपाळीनं पाहिलं.

"इथे पहिल्याच शेऱ्यात लिहिलंय. बीजांडकोशाच्या कर्करोगाची दाट शंका, आठवड्याच्या आत तज्ज्ञाला दाखवा. तातडीने. दोन महिने काय करत होतात?"

"आप्पा म्हणाला..." कुमुदनं सुरुवात केली आणि ती थांबली.

"आप्पा!" रुकडीकरबाई म्हणाल्या. "या महिन्यात माझ्याकडे आलेल्या तुम्ही चौथ्या. सगळ्यांना थोडा वेळ होता."

परतीची गाडी बिनचालकाची होती. पुढे कुणी नाही, मागे दोघंच. शिरोली गेली, हातकणंगले गेलं.

मग कुमुद म्हणाली, "तुम्ही ओळखलं होतंत."

"काय?"

"त्या दिवशी वाटी धरून बसला होतात. मला वाटलं, आमटी खारट झाली असेल."

"मला खात्री नव्हती, कुमुद."

"खात्रीसाठी तर वाचा म्हटलं होतं."

खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. हेर्लेकरांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं तो काढून घेतला नाही, पण दिलाही नाही.

"तुला भीती वाटेल म्हणून..." ते म्हणाले.

"कुणाला? मला? अहो, माझी आई गेली तेव्हा तिची काळी पडलेली नखं मी कापली. मला कशाची भीती वाटते ते तुम्ही एकदा तरी विचारलंत? तुम्हीच ठरवलंत, तुम्हीच बोललात, तुम्हीच रडवलंत, आणि टाळ्यापण तुम्हीच घेतल्यात." मग तिनं विचारलं, "बाई तुम्हाला बाजूला घेऊन काय म्हणाल्या? किती?"

रुकडीकरबाईंनी आकडा सांगितला होता. सहा महिने, फार तर आठ. हेर्लेकरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून काय बाहेर पडणार हे त्यांच्या आधी कुमुदला कळलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी त्यांनाच फोन करते."

दुसऱ्या दिवशी तिनं बाबालालला बोलावून घेतलं. साक्षीला, म्हणाली. मग निवेदिताला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि नवऱ्यासमोर सरकवला. "सांगा."

हेर्लेकरांनी सांगितलं. अडखळत, अर्धं गिळत, पण सांगितलं.

"सर," पलीकडून निवेदिता म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आम्हाला आकड्यांची चूक सापडत नव्हती. कारण तो आकडा चुकीचा सांगतच नाही. तो सांगतच नाही. त्याच्या लेखी मराठीत यंत्राचं काम हेच आहे. आम्ही त्याला चांगुलपणा समजलो." तिचा आवाज बारीक झाला. "काकूंना..."

"काकू इथेच आहेत," कुमुद म्हणाली. "तू रडू नकोस. त्या यंत्राला खरं बोलायला शिकव, तेवढं कर."

फोन बंद झाल्यावर हेर्लेकर बाबालालकडे वळले. "तू तरी बोलायचास. तुला ठाऊक होतं मी पदरचं सांगतो."

"साऱ्या सांगलीला ठाऊक होतं की," बाबालाल म्हणाला. "पडद्यावर बाई ऊर बडवून रडतीया आणि तुम्ही म्हणताय, बाळ जेवून घे. लोकांना काय डोळं नव्हतं? पर सर, ते तिकीट काढून आलेले. अंधारात बसून दोन तास गोड खोटं ऐकायचं, उजेड झाला की चपला घालून घरी जायचं. दवाखान्यात कुठं उजेड होतोय ओ?" आणि मग, "माझंबी चुकलंच. पेटी माझी होती. मोठेपणा मलाबी पाहिजे होता."

कंपनीनं आप्पाला काढून घेतलं आणि नवं यंत्र आणलं. स्पष्ट. शेरा जसा असेल तसा, आकडा असेल तर आकडा, तातडी असेल तर तातडी. कुमुद त्याच्याशी रोज बोलायची. कुठल्या औषधानं उलट्या होतील, कधीपासून उठता येणार नाही, दुखणं वाढलं की काय मागायचं. विचारून घेऊन ती कामं उरकायची. बहिणीशी असलेलं जुनं भांडण मिटवून आली. कपाटं लावली. नवऱ्याला कुकर लावायला शिकवलं, तिसऱ्या शिट्टीला गॅस बारीक करायला. त्या महिन्यांत ती नवऱ्याशी वाईट वागली नाही. फक्त महत्त्वाचं काही असलं की ती यंत्राला विचारायची, आणि तो शेजारच्या खुर्चीवर बसून असायचा. चैत्रात ती गेली.

आणि इकडे गावोगाव लोक नव्या यंत्रावर चिडले होते. "माणुसकी नाही," म्हणायचे. "आमच्या आजोबांना तोंडावर सांगितलं मेल्यानं." फोन बंद करून ठेवायचे, केंद्रावर जायचेच नाहीत. पूर्वीचा आप्पा कुठे गेला, म्हणून अर्ज गेले, मोर्चा निघाला, एका आमदारानं प्रश्न विचारला. कंपनीनं वर्षभर कळ काढली. मग निवेदिता पुन्हा सांगलीला आली. आता ती मोठ्या पदावर होती आणि तिच्या केसांत पांढरं दिसत होतं.

"आम्ही काही लादत नाही, सर," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "लोकांना निवडायला देणार. 'स्पष्ट' की 'सौम्य'. ज्याला जे हवं ते. सौम्यसाठी त्याच कॅसेटी लागतील. आता सगळं उघड आहे, जसंच्या तसं वगैरे काही विचारायचं नाही. फक्त तुमचा होकार."

"आणि लोक काय निवडतील?"

"आम्ही चाचणी घेतली," ती म्हणाली. "शंभरात नव्वद जण... तुम्हाला माहीतच आहे."

"कुमुदनं तुला एक काम सांगितलं होतं."

"मी ते केलं होतं, सर." ती आता वर बघून बोलली. "लोकांनी ते घरात ठेवून घेतलं नाही."

तिनं टेबलावर दोन फोन ठेवले. एकात स्पष्ट, एकात सौम्य; कुमुदचे रिपोर्ट दोन्हींकडे होते. बघून घ्या म्हणाली, आणि चहा करायला आत गेली. कारण या घरात आता चहा विचारणारं कुणी नव्हतं.

हेर्लेकरांनी पहिला फोन उचलला. प्रश्न त्यांच्या ओठांवर वर्षभर होता. "ती पहिल्याच आठवड्यात गेली असती डॉक्टरकडे, तर?"

"त्या टप्प्यावर उपचार सुरू झाले असते तर आणखी काही वर्षं जगण्याची शक्यता बरीच होती," फोन म्हणाला. "त्या दोन महिन्यांत आजार पसरला."

त्यांनी तो उलटा ठेवला. दुसरा उचलला. तोच प्रश्न, पण आवाज खाली गेला होता.

"सर," आप्पा म्हणाला, "झालं गेलं आता कशाला उकरताय? तुम्ही जे केलंत ते मायेपोटीच केलंत. वहिनींनाही ते कळत होतं. चला, चहा घ्या बरं आधी."

सत्तरी पार केलेला, भौतिकशास्त्र शिकवलेला, हे वाक्य कुणी रचलंय हे पुरतं जाणणारा तो माणूस फोन कानाशी धरून हमसाहमशी रडला. मग त्यानं डोळे पुसले. निवेदिता ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा त्यानं तिच्या कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली, आणि मान चालत नाही असं ती म्हणाल्यावर तोंडानं म्हणाला, "होय."

तर आता बेरीज. निवेदिताची बढती टिकली. आमदारांना एक विषय मिळाला होता, तो त्यांच्या प्रचारपत्रकावर गेला. बाबालालनं पेटी परत मागितली नाही. हेर्लेकरांच्या दारावरून तो आता सायकल न थांबवता जातो, म्हणजे त्यांनी एक मित्र गमावला. हेर्लेकरांना झोप लागते. जे सौम्य निवडतात त्यांना बातमी उशिरा कळते, किंवा त्यांच्या घरच्यांनाच कळते. त्यांची गणती कुठे होत नाही, कारण तक्रार करायला त्यांच्यातलं कुणी येत नाही. त्या सगळ्यांच्या आधी, कुणी न विचारता, पूर्ण किंमत मोजून गेलेल्यांतली एक बाई. कुमुदिनी जनार्दन हेर्लेकर. आणि तिला तर स्पष्टच हवं होतं.